‘हॉटेल देल लूना’ पाहायला घेताना

कोरियन मालिका नव्यानेच पाहू लागलेल्या माणसाने कुणाच्या तरी आग्रहावरून ‘हॉटेल देल लूना’ लावली, तर पहिल्या अर्ध्या तासात तो बुचकळ्यात पडण्याची शक्यता बरीच आहे. आधी प्राचीन काळातील एक थकलेली, तलवारबाज स्त्री मृतांसाठी असलेली सराय शोधत फिरताना दिसते. मग कथा एकदम विसाव्या शतकाच्या अखेरीस उडी मारते आणि संकटात सापडलेला एक बाप त्या सरायीच्या आधुनिक रूपात, म्हणजे एका भलत्याच आलिशान हॉटेलात, नकळत शिरतो. आणि त्यानंतर आजच्या सोल शहरात हार्वर्डची पदवी घेऊन परतलेला एक नीटनेटका तरुण भूत पाहून किंचाळत पळत सुटतो. हे भयनाट्य म्हणावे, ऐतिहासिक म्हणावे, विनोदी म्हणावे की प्रेमकथा, हे ठरवता न आल्याने अनेक जण दुसऱ्या भागाच्या आतच मालिका सोडून देतात. ती तशी सुटू नये, म्हणून हे मार्गदर्शन.

आधी थोडी माहिती. ही मालिका दक्षिण कोरियातील टीव्हीएन या वाहिनीवर 13 जुलै ते 1 सप्टेंबर 2019 या काळात दर शनिवारी आणि रविवारी रात्री दाखवली गेली. तिचे एकूण 16 भाग आहेत आणि प्रत्येक भाग सव्वा तासाच्या आगेमागे चालतो. लेखन होंग जोंग-उन आणि होंग मी-रान या दोघी बहिणींचे आहे. कोरियन दूरचित्रवाणीच्या जगात त्यांना ‘होंग भगिनी’ या जोडनावानेच ओळखले जाते आणि चमत्कारिक कल्पनेत प्रेमकथा गुंफणे हा त्यांचा हातखंडा आहे. दिग्दर्शन ओ चुंग-ह्वान यांचे. हॉटेलची मालकीण जांग मान-वोल हिची भूमिका ली जी-उन यांनी केली आहे. गायिका म्हणून त्या ‘आययू’ या नावाने प्रसिद्ध आहेत. व्यवस्थापक गू चान-सोंगच्या भूमिकेत यो जिन-गू आहेत. शेवटच्या भागाला कोरियात सुमारे 12 टक्के प्रेक्षकसंख्या लाभली होती, आणि केबलवरील वाहिनीच्या मानाने हा आकडा मोठा आहे.

आता मुख्य सूचना, जिच्यावर बाकीच्या सगळ्या सूचना आधारलेल्या आहेत. ही मालिका प्रेमकथा म्हणून विकली जाते आणि ती प्रेमकथा आहेही; परंतु तिचा कणा हिशेबाचा आहे. मेलेल्या माणसाचे जिवंतांच्या जगात काहीतरी येणे राहिलेले असते किंवा देणे राहिलेले असते, ते चुकते होईपर्यंत तो या हॉटेलात उतरतो, आणि खाते बंद झाले की निघून जातो. ज्या मालकिणीच्या हॉटेलात हा व्यवहार रोज चालतो, तिचे स्वतःचे खाते मात्र तेराशेहून अधिक वर्षे उघडेच आहे. हे सूत्र हाताशी ठेवून पाहिल्यास विस्कळीत वाटणारे भागही जागच्या जागी बसतात.

वेळ आणि सबटायटल्स

सगळी मालिका मिळून वीस तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. ती मुळात आठवड्याला दोन भाग अशी दाखवली गेली आणि लिहिलीही त्याच बेताने गेली आहे. शनिवारच्या भागात गाठ पडते आणि बहुधा रविवारच्या भागात ती सुटते किंवा अधिक घट्ट होते. म्हणून एका बैठकीत दोन भाग पाहावेत, आणि ते विषम-सम अशा जोडीने, म्हणजे पहिला-दुसरा, तिसरा-चौथा असे. एका रात्रीत सहा-सात भाग संपवण्याची सवय असेल तर ती येथे आवरावी, कारण भराभर पाहिल्यास पाहुण्यांच्या कथा एकमेकींत मिसळतात आणि कोणाचे दुःख कोणाचे, हेच लक्षात राहत नाही.

भाषेचा पर्याय निवडताना, हिंदी वा इंग्रजी डबिंग उपलब्ध असले तरी मूळ कोरियन आवाज ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मान-वोलचा तुसडेपणा, तिची ओढून-ताणून बोलण्याची लकब आणि एखाद्या वाक्याच्या शेवटी अचानक मऊ होणारा सूर यांवर या भूमिकेचा निम्मा डोलारा उभा आहे. मराठी सबटायटल्स मिळतीलच असे नाही. घरातील वडीलधाऱ्यांसोबत पाहणार असाल आणि त्यांना इंग्रजी सबटायटल्स त्या वेगाने वाचणे जमत नसेल, तर प्रत्येक वाक्य भाषांतरित करून सांगण्याच्या भानगडीत न पडता प्रसंग संपल्यावर थांबवून दोन वाक्यांत गोषवारा सांगावा. वाक्यागणिक भाषांतर करणाऱ्याचेही लक्ष उडते आणि ऐकणाऱ्याचेही.

नावांच्या बाबतीत एवढे ध्यानात ठेवावे की कोरियन नावात आडनाव आधी येते. जांग हे आडनाव आणि मान-वोल हे नाव. गू हे आडनाव आणि चान-सोंग हे नाव. मान-वोल त्याला आडनावासकट पूर्ण नावाने, पुढे कोणताही आदरार्थी प्रत्यय न लावता, सरळ ‘गू चान-सोंग’ अशी हाक मारते, आणि कोरियन शिष्टाचारात ही हाक चांगलीच रोखठोक समजली जाते. तो मात्र तिच्या नावापुढे ‘श्शी’ हा सभ्यतेचा प्रत्यय लावतो. आपल्याकडे एकाने अरे-तुरे करावे आणि दुसऱ्याने अहो-जाहो सांभाळावे, तसा हा प्रकार आहे, आणि सबटायटल्समध्ये तो पूर्णपणे हरवतो. म्हणून वाचण्याबरोबर कानही उघडे ठेवावेत. दोघांमधील अंतर किती घटले, हे संवादांच्या अर्थापेक्षा हाका ऐकून अधिक लवकर कळते.

हॉटेलचे नियम समजून घ्यावेत

कल्पनारम्य मालिकेत नियम कळले नाहीत तर धोका कशात आहे हे कळत नाही, आणि धोका कळला नाही तर उत्कंठाही वाटत नाही. येथे नियम एकाच ठिकाणी समजावून सांगितलेले नाहीत. ते पहिल्या चार भागांत तुकड्या-तुकड्यांनी येतात. त्यांपैकी आवश्यक तेवढे येथे सांगतो, आणि त्याने कथेतील कोणतेही गुपित फुटत नाही.

हॉटेल सोलच्या म्योंग-डोंग या गजबजलेल्या बाजारपेठेच्या भागात उभे आहे. बाहेरून ते जुनी, थोडी कळाहीन वास्तू दिसते. आत मात्र समुद्रकिनाऱ्यापासून उंचावरील बारपर्यंत सगळे काही आहे. त्याचे खरे रूप मृतांनाच दिसते, आणि जिवंत माणसाचे पाऊल आत पडणे हा अपवाद असतो. येथील कर्मचारीही मृतच आहेत. परंतु वीज, कर, परवाने, किराणा आणि सरकारी कचेऱ्या हे सारे जिवंतांच्या जगातले असल्याने व्यवस्थापक मात्र जिवंत माणूसच असावा लागतो. चान-सोंगची नेमणूक याच कारणाने होते, आणि तीही त्याच्या वडिलांनी वीसेक वर्षांपूर्वी केलेल्या सौद्यापोटी. त्याच्या आधीचा वृद्ध व्यवस्थापक नो जून-सोक तरुणपणी येथे आला आणि येथेच म्हातारा झाला, तर मालकीण आहे तशीच राहिली. पहिल्या दोन भागांत या म्हाताऱ्याकडे मुद्दाम लक्ष द्यावे. मान-वोल माणसांना जवळ का येऊ देत नाही, याचे उत्तर तिच्या एकाही संवादाआधी या म्हाताऱ्याच्या पांढऱ्या केसांत मिळते.

मान-वोल स्वतः जिवंतही नाही आणि मृतही नाही. तिचे वय वाढत नाही आणि तिला तेथून सुटताही येत नाही, कारण हॉटेलच्या अंगणातील एका प्राचीन वृक्षाशी ती बांधली गेली आहे. हा वृक्ष म्हणजे मालिकेचे घड्याळ आहे. सुरुवातीला तो निष्पर्ण, वठलेला दिसतो. त्याला पालवी फुटली की समजावे, तिचा थांबलेला काळ पुन्हा चालू लागला. पालवीनंतर कळी, कळीनंतर फूल, आणि फूल आले म्हणजे ते गळणारही. नायिकेच्या मनात प्रेम उमलणे आणि तिची जाण्याची वेळ जवळ येणे या दोन्ही गोष्टी एकाच झाडावर एकदम दाखवण्याची ही युक्ती मला या मालिकेतील सर्वांत हुशार युक्ती वाटते. म्हणून जेव्हा जेव्हा कॅमेरा त्या झाडाकडे वळेल, तेव्हा मोबाइल खाली ठेवावा.

आणखी एक नियम महत्त्वाचा आहे. मृताने जिवंत माणसाला इजा केली तर त्याला पुढचा प्रवास मिळत नाही. त्याचे अस्तित्वच पुसले जाते. त्यामुळे सूड घेऊ पाहणारे भूत ज्याच्यावर सूड घ्यायचा त्याला धोकादायक असतेच, शिवाय स्वतःलाही तितकेच धोकादायक असते. हा नियम विसरला तर अनेक प्रसंगांत मान-वोल भुताला का अडवते आहे, हे उमगत नाही आणि ती उगाच निष्ठुर वाटते.

परलोकाची ओळख आपल्याला नवी नाही

पाश्चात्त्य प्रेक्षकाला जे परलोकाचे वर्णन विचित्र वाटते, ते मराठी माणसाला फारसे परके वाटू नये, आणि यामागे खरा ऐतिहासिक धागा आहे. बौद्ध धर्म चीनमार्गे इसवी सन 372 मध्ये कोरियाच्या उत्तरेकडील गोगुर्यो राज्यात पोहोचला, आणि त्याच्यासोबत भारतीय यमही निघाला. चिनी वाटेने जाता जाता त्याचे नाव बदलले आणि कोरियात तो ‘योम्रा’ झाला. तेथील लोकसमजुतीत मृतांचा न्याय करणारे दहा राजे आहेत आणि योम्रा हा त्यांतील सर्वांत नावाजलेला आहे. मृत्यूनंतर दर सात दिवसांनी एक, अशा सात टप्प्यांनी 49 व्या दिवसापर्यंत विधी करण्याची बौद्ध पद्धत कोरियात अजून पाळली जाते. मृत्यू आणि पुढचा जन्म यांच्या मधल्या अवस्थेची जी भारतीय बौद्ध कल्पना, म्हणजे अंतराभव, तिच्याशी हा आकडा जोडलेला आहे. आपले दहावे-तेरावे वेगळ्या परंपरेतले असले, तरी गेलेल्या माणसाला वाटेला लावायला काही दिवस लागतात, ही समजूत सारखीच.

मालिकेत ‘साम्दोचॉन’ या नदीचा उल्लेख वारंवार येतो. इहलोक आणि परलोक यांच्या मधली ही नदी. वैतरणी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जे येते, त्याच्याशी हिचे नाते जवळचे आहे. हॉटेलातून निघालेला पाहुणा बोगद्यातून जातो आणि पुढे या नदीवरचा पूल लागतो. पूल ओलांडताना या जगातल्या आठवणी मागे पडत जातात, ही गोष्ट लक्षात असू द्यावी.

मृतांना न्यायला येणाऱ्या दूताला कोरियनमध्ये ‘जोसुंग-साजा’ म्हणतात. जुन्या चित्रणात तो काळा झगा आणि काळी रुंद टोपी घालून येतो, आणि आधुनिक मालिकांनी त्याला काळा सूट चढवला आहे. येथील दूत शांत, शिस्तीचा आणि काहीसा सरकारी नोकरासारखा वागतो, याचे आश्चर्य वाटून घेऊ नये, कारण कोरियन कथांमध्ये परलोक ही एक व्यवस्थित चालणारी कचेरीच असते. केस मोकळे सोडलेली, पांढऱ्या वस्त्रांतली स्त्री दिसली, तर ते अविवाहित मरण पावलेल्या मुलीच्या भुताचे रूढ रूप समजावे.

मागो या देवीची मात्र थोडी अधिक ओळख करून घ्यावी लागेल. कोरियन लोककथांत मागो ही डोंगर आणि बेटे घडवणारी विराट आदिस्त्री आहे. मालिकेत ती एका व्यक्तीच्या रूपात न येता अनेक बहिणींच्या रूपात येते. कुणी फुले घेऊन बसलेली आणि मवाळ, कुणी दंड देणारी आणि कठोर. या सगळ्या बहिणींच्या भूमिका सो ई-सुक या एकाच अभिनेत्रीने केल्या आहेत. त्यामुळे ‘काल तर ही चांगली बोलत होती, आज एवढी का चिडली?’ असा प्रश्न पडला, तर आधी कपडे पाहावेत. ती दुसरी बहीण असते.

पाहुण्यांच्या कथा पुढे ढकलू नयेत

नायक-नायिकेचे पुढे काय होते याच्या घाईत पाहुण्यांचे प्रसंग पुढे ढकलणे, ही ही मालिका बिघडवण्याची खात्रीची रीत आहे. प्रत्येक पाहुणा मान-वोलच्या गोष्टीचा कुठला ना कुठला अंश घेऊन येतो. कुणी क्षमा करायला तयार नसतो, कुणी वाट पाहणे सोडत नाही, कुणाला आपण विसरले जाऊ याची भीती असते. चान-सोंग त्यांच्याशी कसे वागतो हे मान-वोल बघत असते, आणि आपण तिचे बघणे बघावे, अशी मांडणी आहे.

उदाहरण म्हणून सुरुवातीच्या भागांतला वाघ घ्यावा. हा पाहुणा माणूस नाही. पेंढा भरून ठेवलेल्या एका वाघाचा आत्मा भरकटत असतो, कारण तो मूळचा उत्तरेकडचा असून त्याला आपला डोंगर पुन्हा पाहायचा असतो. तो डोंगर म्हणजे उत्तर कोरिया आणि चीन यांच्या सीमेवरचा 2,744 मीटर उंचीचा पेक्तू पर्वत. कोरियन लोक त्याला आपल्या भूमीचे आणि वंशाचे उगमस्थान मानतात, आणि फाळणीमुळे दक्षिणेतील माणसाला आपल्या देशाच्या वाटेने तेथे जाता येत नाही. वाघाला तेथे नेणार कसे? तर पेक्तू पर्वताचे चित्र मिळवून. मान-वोल महागड्या वस्तूंवर पैसे उधळते म्हणून चान-सोंग वैतागलेला असतो, आणि प्रेक्षकही त्याच्यासोबत वैतागतो. मग त्या चित्रासमोर वाघ उभा राहतो आणि खरेदीचा अर्थ बदलतो. मोजक्या मिनिटांत येथे विनोद, फाळणीचे दुःख आणि नायिकेच्या स्वभावाचा झाकलेला कोपरा असे तिन्ही हाती लागते. हे प्रसंग गाळून उरते ते केवळ दोन देखण्या माणसांचे भांडण, आणि तेवढ्यासाठी वीस तास खर्च करण्याचे कारण नाही.

मृत मुलीसाठी लग्न लावण्याचा प्रकारही मालिकेत येतो. अविवाहित मृतांचे विवाह लावण्याची प्रथा कोरियात खरोखर होती. आपल्या शेजारी, दक्षिण कन्नड जिल्ह्यात तुळू भाषकांमध्येही असे विवाह लावले जातात, त्यामुळे हा प्रसंग निव्वळ लेखिकांच्या डोक्यातून निघालेला नाही, हे ध्यानात ठेवून पाहावा. दहाव्या भागात सुल्ली ही अभिनेत्री छोट्या पाहुण्या भूमिकेत आहे. मालिका संपल्यानंतर दीड महिन्यातच, ऑक्टोबर 2019 मध्ये, वयाच्या 25 व्या वर्षी तिचे निधन झाले. हे तिचे मालिकांमधले शेवटचे दर्शन ठरले. ज्यांना हे ठाऊक आहे त्यांना तो भाग वेगळाच जड जातो.

कर्मचाऱ्यांनाही पाहुण्यांइतकेच गांभीर्याने घ्यावे. बारमध्ये मद्य मिसळणारा किम हा जोसोन काळातला, म्हणजे 1392 ते 1910 पर्यंत चाललेल्या कोरियन राजवटीतला, विद्वान आहे. खोल्यांची व्यवस्था पाहणारी चोई सो-ही त्याच काळातल्या सरदार घराण्यात अन्याय सोसलेली स्त्री आहे. आणि स्वागतकक्षात हसतमुखाने उभा असणारा ह्यन-जुंग 1950 ते 1953 या कोरियन युद्धाच्या काळात मरण पावलेला विद्यार्थी आहे. तो अजून कोवळा तरुण दिसतो, पण ज्या धाकट्या बहिणीची तो वाट पाहतो आहे ती जिवंत आहे आणि आता म्हातारी झाली आहे. सुरुवातीला हे तिघे विनोदासाठी ठेवलेले वाटतात. प्रत्येकाचे खाते उघडण्याची वेळ पुढे येते, आणि तेव्हा हे तपशील आठवले पाहिजेत.

जुन्या काळाची पाने

मालिका मधूनमधून तेराशे वर्षे मागे जाते. त्या प्रसंगांची पार्श्वभूमी साधारण अशी आहे : इसवी सन 668 मध्ये गोगुर्यो राज्याचा पाडाव झाला आणि तेथील लोक निर्वासित झाले. मान-वोल अशाच निर्वासितांच्या लुटारू टोळीची म्होरकी होती. योन-ऊ हा तिचा भावासारखा सोबती, गो चोंग-म्योंग हा शत्रुपक्षाचा सरदार आणि सोंग-ह्वा ही राजकन्या. एवढी चार नावे पक्की केली की पुरे. हे प्रसंग क्रमाने येत नाहीत, आणि आधी दाखवलेला प्रसंग नंतर दुसऱ्या बाजूने दाखवला जातो, म्हणून पाचव्या-सहाव्या भागापर्यंत कोण दगाबाज आणि कोण प्रामाणिक याचा निकाल लावण्याची घाई करू नये.

पुनर्जन्माची कथा म्हटली की आपल्या मनात हिंदी चित्रपटांनी घालून दिलेली वाट तयार असते : मागच्या जन्मीचे प्रेमिक या जन्मी भेटतात, त्यांना सारे आठवते आणि खलनायकाचा सूड घेतला जातो. ही अपेक्षा दाराबाहेर ठेवावी. येथे पुन्हा जन्मलेल्या माणसाला मागचे काहीही आठवत नाही. आठवण फक्त मान-वोलपाशी आहे, आणि त्यामुळे मोठा अवघड प्रश्न उभा राहतो : ज्याला आपला गुन्हा ठाऊकच नाही, जो या जन्मी साधा, हसरा, थोडा बावळट माणूस आहे, त्याच्याकडून तेराशे वर्षांपूर्वीचे येणे वसूल करायचे का? मालिकेच्या मधल्या भागांचा सारा ताण या प्रश्नावर आहे. चान-सोंग हा जुन्या काळातील कुणाचा अवतार आहे का, याचे तर्क सगळेच प्रेक्षक लढवतात, आणि लेखिकांना ते माहीत असल्याने त्या प्रेक्षकांशी खेळतात. तर्क जरूर लढवावेत. उत्तर मात्र आधीच शोधून वाचू नये.

कुणासोबत पाहावी, कुणासोबत नाही

वरवरच्या झगमगाटामुळे ही मालिका लहान मुलांना दाखवण्याजोगी वाटते, पण तशी ती नाही. भुतांचे काही चेहरे अचानक समोर येतात आणि बऱ्यापैकी भीतिदायक आहेत. त्याहून गंभीर बाब म्हणजे 13 क्रमांकाच्या खोलीची कथा : तिच्या मुळाशी एका तरुणीचे चोरून केलेले चित्रीकरण आणि त्यातून आलेली आत्महत्या आहे. छुप्या कॅमेऱ्यांचा प्रश्न कोरियात त्या काळात अतिशय पेटलेला होता आणि मालिकेने तो टाळलेला नाही. उत्तरार्धात एका क्रूर खुन्याचे कथानक येते. हे सगळे पाहता बारा-तेरा वर्षांखालील मुलांना शेजारी बसवू नये आणि मोठ्या मुलांसोबत पाहताना हे भाग आधी स्वतः पाहून ठेवावेत. नुकतेच घरात कुणी गेले असेल तर काही दिवस थांबावे असे मी सांगेन. काहींना अशा वेळी या कथांचा आधारही वाटतो, पण ते ज्याचे त्याने ठरवावे.

मालिकेत दोषही आहेत. खुन्याचे कथानक लांबते आणि हॉटेलच्या वातावरणात पुरते मिसळत नाही. मधेच पात्रे एखाद्या ठरावीक दुकानात कॉफी घेतात किंवा एखादी वस्तू कॅमेऱ्यासमोर निष्कारण धरतात. ही जाहिरात असते, आणि 2010 पासून कोरियात कार्यक्रमांमध्ये अशा जाहिरातींना कायदेशीर मुभा आहे. निर्मितीखर्चाचा एक वाटा त्यातून निघतो. मान-वोलच्या भरजरी कपड्यांचा आणि टोप्यांचा खर्च कुठून तरी यायचाच, असे म्हणून पुढे जावे. तिच्या खादाडपणाकडे मात्र जाहिरात म्हणून पाहू नये. टीव्हीवर खाद्ययात्रा करणाऱ्या एका विनोदी कलाकाराची ती निस्सीम चाहती आहे आणि तो जेथे जेवला तेथे जाऊन रांग लावते. तेराशे वर्षे जगून कंटाळलेल्या बाईला अजून कशात तरी रस उरला आहे, याची ही पहिली खूण आहे.

गाणी भागांच्या शेवटी आणि हळव्या प्रसंगांत येतात आणि 2019 च्या उन्हाळ्यात ती कोरियातील संगीतयाद्यांवर आघाडीला होती. ती आधी ऐकून ठेवण्याची गरज नाही. मालिका पाहिल्यावर ऐकावीत, तेव्हा ती अधिक बोलतात.

कोरियाला जाण्याचा योग असेल तर एक गोष्ट सांगून ठेवतो. हॉटेलच्या बाह्य रूपासाठी जी वास्तू वापरली गेली, ती सोलमध्ये नाही. ती दक्षिणेकडील मोक्पो या बंदराच्या शहरात आहे : लाल विटांची ही इमारत 1900 साली जपानी वकिलातीसाठी बांधली गेली आणि आज तेथे मोक्पोचे आधुनिक इतिहास संग्रहालय आहे. पडद्यावर दिसणारे उंच मजले संगणकाने चढवलेले असल्याने प्रत्यक्षातील ठेंगणी इमारत पाहून हिरमोड करून घेऊ नये. सोलच्या योंगसान स्थानकातून केटीएक्स या वेगवान गाडीने सुमारे अडीच तासांत मोक्पो गाठता येते. संग्रहालयात जायचे तर वसाहतकाळाच्या इतिहासासाठी जावे, कारण जपानी राजवटीत या शहराने जे सोसले ते तेथे मांडलेले आहे आणि ते मालिकेच्या चाहत्यानेही पाहण्यासारखे आहे.

पंधरावा आणि सोळावा भाग एकाच बैठकीत पाहावेत. त्यासाठी अडीच-पावणेतीन तास मोकळे ठेवावेत, आणि रात्री उशिरा सुरू करू नयेत, कारण मधेच थांबवण्याची इच्छा होत नाही. सोळाव्या भागात कथा संपल्यासारखी वाटते तेव्हा रिमोटला हात लावू नये, आणि ‘पुढचे काही सुचवू का?’ म्हणून ॲप आपोआप दुसरीकडे नेऊ लागले तर ते थांबवावे. अगदी अखेरीस एक लहानसा प्रसंग शिल्लक असतो, त्यात एक नामवंत अभिनेता क्षणभर पाहुणा म्हणून येतो, आणि हॉटेलच्या पाटीचे पुढे काय होते ते तेथेच कळते.